गोठ्यामागचा बरका

१४ मे ९७, बुधवार

सडका फणस दिला म्हणे. सडका. सकाळी शिंदेबाई दारातच उभी राहून सांगून गेली, चहासुद्धा घेतला नाही. सुनंदासाठी तळवलीच्या जगतापांचं स्थळ हिनेच आणलेलं. "ताई, फणस फोडला तर आत नुसता शेंबूड. दादा म्हणाले, ही लोकं देताना बघत नाहीत का." दादा म्हणजे मुलाचा बाप. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. साताऱ्याकडचा माणूस, जन्मभर कांद्याच्या गोणी उचलल्या, त्याला फणसातलं काय कळणार. बरका असाच असतो.

रविवारी फणस पाठवला, आज बोल आला. साखरपुड्याचं मात्र कोणी बोलत नाही.

१५ मे

राग जात नाही म्हणून लिहिते. दत्तूने, माझ्या भावाने, राजापूरहून एसटीने तीन फणस पाठवलेले. एक कापा, दोन बरके. कापा फोडायला कोयता लागतो, हाताला तेल लागतं. गरा सुटा, खोबऱ्यासारखा करकरीत, गोडी बेताची. बरका हाताने उघडतो. गरा बोटांतून निसटतो, चावायचा नाही, गिळायचा. त्या बरक्यांतही फरक. विहिरीकडच्या झाडाचा आंबूस, दोरे फार, दातात अडकतात. गोठ्यामागच्याला दोरा म्हणून नाही, घशाला मधासारखी गोडी राहते. आईने तो कधी बाहेर कोणाला दिला नाही. आणि मी तोच दिला जगतापांना.

हे म्हणतात, "परक्यांना कापा द्यायचा असतो." मला काय माहीत नाही? पण ते सुनंदाला बघायला आले तेव्हा त्यांच्या म्हातारीच्या तोंडात एकही दात नव्हता. पोह्यातले शेंगदाणे एकेक काढून बशीच्या कडेला लावत होती. म्हटलं, हिला खाता येईल. एवढा विचार केला तोच नडला.

१६ मे

खालच्या सावंतबाईंना सांगितलं, त्या मालवणच्या. हसतच सुटल्या. "बरका दिलंस? आणि खायचा कसा ता सांगितलंस नाय?" नाही सांगितलं. फणस कसा खायचा हे कोणी सांगतं का. सुरी घेऊन कलिंगडासारख्या फोडी करायला बसले असतील. घाण झाली असणार सगळी.

सु. हापिसातून आली. चप्पल काढायच्या आधी, "आई, फणसाचं सोड आता. टेन्शन देतेस." श्रावणात सव्वीस पुरी होतील. हे चौथं स्थळ. मुलगा आवडलाय तिला, बोलत नाही एवढंच. बेलापूरला टायपिंगची नोकरी, पाच वर्षं झाली. आणि टेन्शन मी देते.

१७ मे, शनि.

पाय सुजलेत. दुपारचं पाणी आलंच नाही. कापा पिकला, टिचकी मारली तर बद्द वाजतो. उरला तो विहिरीकडचा बरका, त्याचा वास जिन्यापर्यंत. वरच्या मजल्यावरून निरोप, सोसायटीत वास येतो. येऊ दे.

उद्या दोन्ही घेऊन तळवलीला जाते. हे म्हणाले, "अपमान करून घ्यायला?" म्हटलं, तुम्ही घरी बसा.

१८ मे, रवि.

पिशव्या उचलायला हे आलेच शेवटी.

जगतापांच्या घरी जमिनीवर पेपर पसरला, तेल मागितलं. कोयता माझा नेलेला. दादा खुर्चीत, घरचे सगळे भिंतीला टेकून. आधी कापा फोडला. दादांनी एक गरा खाल्ला, मग चार.

"ह्यो फणस. मग त्यो कसला हुता?"

म्हटलं, "तोही फणसच. तुम्ही सुरी लावलीत ना?"

मुलाची आई म्हणाली, "विळीवर चिरला. समदं हातातनं गळालं."

मग बरका बोटांनी उघडला. कोणी पुढे येईना. म्हातारी सरकत आली, गरा उचलला, गिळला, आठळी तळहातावर काढली. "आधी सांगायचं न्हाई व्हय बाई? मागचा शेजारच्या म्हशीला घातला ह्यांनी." सगळे हसले. मुलगाही हसला. मी म्हटलं, म्हशीला तरी आवडला का. आवडला म्हणे.

वाटलं, झालं काम. साखरपुड्याचं विचारलं. दादा बोटांचा चीक पुसत म्हणाले, "कळवतो." कधी? "कळवतो म्हनलं न्हवं."

निघताना मुलाची आई चपलांपर्यंत आली. हळूच बोलली. "आवं ताई, फणसाचं काय बी न्हाई. सून हापिसात जाती म्हनून मार्केटातली माणसं नावं ठेवतील, असं वाटतंय ह्यांना. तोंडावर बोलवंना, म्हनून फणस."

पाच दिवस मी फणसावरून जीव जाळला.

१९ मे

सु.ला सांगितलं. भात कालवत होती, हात थांबला. म्हणाली, "त्याने मला तर काहीच विचारलं नाही." मग, "नोकरी मी नाही सोडणार." परत जेवायला लागली. मुलगा वाईट नाही, पण बापापुढे तोंड उघडत नाही. उद्या उघडेल का, कोणी सांगावं.

दहा वर्षांपूर्वी असतं तर मीच म्हटलं असतं, सोड. माझी शाळा चौथीत सुटली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. जाऊ दे ते. आता दमले. पाचवं स्थळ, परत पोहे, परत साडी...

 

२१ मे, बुध.

शिंदेबाईला बोलावून घेतलं. तिचं म्हणणं, "आत्ता नोकरी सोडेल म्हणून टाका ताई, लग्न झाल्यावर बघता येईल. सगळे असंच करतात." म्हटलं, फसवून मुलगी द्यायची नाही मला. चिठ्ठी देते, नेऊन पोचव. सु. म्हणाली, टाइप करून देते. नको म्हटलं. तिने वाचली, एक ओळ खोडायला लावली, दादांना घाबरट म्हटलेलं ती. बाकी राहू दिली. मागाहून कोणी म्हणायला नको की मी असं बोललेच नाही, म्हणून इथे उतरवून ठेवते:

जगतापदादांस, न. वि. वि. फणस चांगला होता. मुलगीही चांगली आहे. ती नोकरी सोडणार नाही, लग्नानंतरही नाही. पटत असेल तर साखरपुड्याची तारीख सांगा. नसेल पटत तर नाही म्हणा, आम्ही रागावणार नाही. पण फणसाचं नाव पुढे करू नका. मुलालाही विचारा, त्याचं उत्तर त्याच्या तोंडून येऊ दे. नुसतं कळवतो म्हणालात तर ते मी उत्तर धरणार नाही. रविवारी ता. २५ला दुपारच्या आत हो का नाही ते सांगा.