टास्कबारवरचं दुसरं चिन्ह

३ नोव्हेंबर, सोमवार
आज रुजू झाले! सेनगावहून जीपने अर्धा तास, मग थोडं चालत. सुविधा केंद्र म्हणजे एकच खोली: संगणक, कॅमेरा, प्रिंटर, माझी खुर्ची आणि समोर येणाऱ्यासाठी निळी खुर्ची. मागच्या लहान खोलीत मी राहणार. घरात पदवी घेणारी मी पहिली, म्हणून बाबा गावी, साखऱ्यात, भेटेल त्याला सांगून राहिले की आमची आकांक्षा साहेब झाली. केंद्रचालक विश्वंभर सर सेनगावलाच असतात. किल्ली देताना म्हणाले, हा महिना म्हाताऱ्यांचा. निराधारांचा पगार चालू राहावा म्हणून प्रत्येकाचा हयातीचा दाखला काढायचा. एकालाही परत पाठवायचं नाही, असं मी ठरवलं आहे.
संध्याकाळी एकटीच जेवले. आयुष्यात पहिल्यांदा.

५ नोव्हेंबर
एका दाखल्याला वीस मिनिटं लागत होती, कारण दर वेळी प्रोग्राम शोधावा लागे. आधीच्या ऑपरेटरने टास्कबारवर हवामान, बातम्या, पत्त्यांचा खेळ असं काहीबाही ठेवलं होतं. सगळं काढलं. पहिलं चिन्ह ब्राउझर, दुसरं हयात नोंदणी, तिसरं स्कॅनर; एकेक पिन केलं आणि ओढून ओळीने लावलं. आता विंडोजचं बटण आणि २ दाबलं की नोंदणी उघडते. चिन्हावर बाण नेला की वर छोट्या चौकटीत कॅमेऱ्यातलं चित्र दिसतं, त्यामुळे माणूस नीट बसलाय का ते लगेच कळतं. विसाची सहा मिनिटं झाली. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून आईला फोन केला. टास्कबार म्हणजे काय ते तिला कळलं नाही, पण ती खूप वेळ हसली.

७ नोव्हेंबर
तांड्यावरच्या पारुबाई आज तिसऱ्यांदा आल्या. प्रोग्राम पापण्या मिटायला सांगतो. त्यांच्या मोतीबिंदूमुळे त्याला डोळेच ओळखू येत नाहीत. "मी जित्ती हाय हे तुला दिसून राहिलं न पोरी? मग या डब्याला काहून दिसंना?" वर म्हणाल्या, याला बी एक चष्मा लाव. कोपरापर्यंतच्या बांगड्या वाजवत त्यांनी फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी मला दिली. कामाशिवाय माझ्याशी बोलणाऱ्या इथे त्या एकट्याच. पाय फार सुजलेत. मी म्हटलं, आजी, आता येऊ नका, मीच करते.

११ नोव्हेंबर
कॅमेरा चालत नसेल तर जुना फोटो लावून 'व्यक्ती समोर हजर आहे' या चौकोनात ऑपरेटरने खूण करायची सोय आहे. सकाळी अकरा वाजता, रिकाम्या निळ्या खुर्चीसमोर बसून मी पारुबाईंसाठी ती खूण केली. लगेच मंजूर झालं. फार बरं वाटलं.
दुपारी त्यांचा मुलगा रतनसिंग आला. आई पहाटेच गेली. मृत्यूची नोंद कुठे करायची, ते विचारत होता. म्हणजे मी हजर लिहिलं तेव्हा त्या... मी त्याला काही सांगितलं नाही. तो गेल्यावर नोंद रद्द करायला गेले. प्रोग्राम म्हणतो, रद्द करण्यासाठी त्याच व्यक्तीला समोर बसवा.

१२ नोव्हेंबर
प्रोग्राम बंद आहे, तरी दुसऱ्या चिन्हाखालची रेघ उजळलेली. बाण नेला. छोट्या चौकटीत निळी खुर्ची, तिच्यात डोक्यावर पदर घेतलेलं कुणीतरी. मान वर केली तर खुर्ची रिकामी. चिन्ह अनपिन केलं. जेवून आले तर पुन्हा तिथेच, दुसऱ्या क्रमांकावर.

१३ नोव्हेंबर
एकही दाखला निघाला नाही. दर वेळी तेच: समोर आधीच एक व्यक्ती आहे. अकरा जणांना परत पाठवलं. मी. सरांना फोन केला. बंद करून चालू कर म्हणाले. जुन्या फोटोचं ओठांवर आलं होतं. मग बाबांचा चेहरा आठवला. नाही सांगितलं.

१४ नोव्हेंबर
चौकटीतली खुर्ची जवळ आलीय. खोलीतली हललेली नाही. आज कुणीच आलं नाही. शेजारच्या जनकाबाई दारावरून गेल्या. हाक मारली. दोनदा. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.
आता बाण नेत नाही. चौकट आपोआप उघडते.

१५ नोव्हेंबर
नोकरी गेली तर जाऊ दे. सरांना फोन लावला, सगळं खरं सांगितलं, अगदी शेवटपर्यंत. पलीकडून नुसतं हॅलो, हॅलो. मग त्यांनी ठेवला.

१७, सोमवार
हजेरीसाठी मलाही चेहरा दाखवावा लागतो. पापण्या मिटल्या. पुन्हा. पुन्हा. समोर व्यक्ती आढळली नाही.
आईला फोन. ती म्हणत राहिली, बोल की लेकरा, आवाजच येऊन नाही राहिला तुझा—
चौकटीत दोन खुर्च्या, शेजारी शेजारी. एकीत त्या. दुसरीत माझी ओढणी—
प्रोग्राम विचारतोय, जुना फोटो लावायचा का. माझाच फोटो आलाय. चौकोनात खूण करायला कुणीतरी हवं— माझ्या हाताने बाण हलत नाही—
हलतोय. चौकोनाकडे. बांगड्या वाजतायत— भाकरीचा वास— आजी, नको, मी हाय, मी इथंच समोर—