नावाभोवतीची चौकट

सोमवार, ४ सप्टेंबर २०२३
पिनांगच्या आमच्या शाळेला शंभर वर्षं होणार म्हणून स्मरणिका, आणि तिच्यातली ‘नामवंत शिक्षक व माजी विद्यार्थी’ ही यादी माझ्या गळ्यात! एकशे बारा नावं. वारलेल्यांच्या नावाभोवती काळी चौकट, नेहमीप्रमाणे. म्हणजे कोण आहे, कोण गेलं, हे मीच शोधायचं. दिवसभर फोन कानाला. कुणाच्या सुनेला विचारणार तरी कसं, ‘सासरे आहेत का’ म्हणून? तेहेतीस वर्षं त्याच शाळेत वर्ग सांभाळले, ते सोपं होतं.

गुरुवार, ७ सप्टेंबर
घोटाळा. छापखान्याने चिआ स्वी ग्वानच्या नावाला चौकट घातली, आणि कुणीतरी ते प्रूफ त्याला पाठवलंही. माझा विद्यार्थी, बॅडमिंटनमध्ये देशासाठी खेळलेला, साठीतही टुणटुणीत. सकाळी आठला दारात उभा.
‘‘बाई, मला मारलंत? आत्ता तीन मैल चालून आलोय.’’
बायको अपशकुन झाला म्हणून थेट देवळात गेली म्हणे. मी माफी मागितली. म्हणाला, ‘‘माफी नको, उठाबशा काढा. मला काढायला लावायचात ना?’’ मग कॉफी प्यायला आणि मुगाच्या सारणाची बिस्किटं अर्धा डबा फस्त केली. मेलेल्या माणसाची भूक दांडगी होती.

शनिवार, ९ सप्टेंबर
समितीची बैठक. अध्यक्ष त्यो बेंग चुआन. हाही माझ्याच हाताखालून गेलेला, आता पिनांगमधला मोठा हृदयाचा डॉक्टर. म्हणाला, स्वी ग्वानचं झालं तसं पुन्हा नको, एकेक नाव तपासू. तपासत तपासत खू तेक सियांग, इतिहास शिक्षक, इथे थांबला. माझे बाबा.
‘‘बाई, गुरुजींचं वय आज एकशे एक होतं. चौकट घालावी लागेल.’’
एक्कावन्न साली, इथे अजून इंग्रजांचं राज्य असताना, त्यांच्या पोलिसांनी कम्युनिस्ट ठरवून बाबांना भर वर्गातून उचललं आणि बोटीत घालून चीनला धाडलं. मी आठ महिन्यांची. सहासष्टपर्यंत पत्रं येत होती, मग बंद. गेल्याचं कुणी कळवलेलं नाही. मग आपण ठरवणारे कोण? मी सरळ सांगितलं, आई चौऱ्याण्णवची आहे. गेलेल्यांना लावतात तशी उदबत्ती तिने आजवर त्यांच्या नावाने लावली नाही. तिच्या डोळ्यांदेखत मी त्यांना मारू? चौकट घालायची असेल तर यादी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.
घरी निघून आले.

मंगळवार, १२ सप्टेंबर
बेंग चुआनचा फोन नाही. आई म्हणाली, कुणाशी भांडलीस? म्हटलं, कुणाशी नाही. ‘‘तोंड बघ जरा आरशात,’’ म्हणाली.

शुक्रवार, १५ सप्टेंबर
बेंग चुआन आला, भलं मोठं पपनस घेऊन. आई आत झोपली होती. हळू आवाजात बोललो.
‘‘बाई, एकशे एक वर्षांचे गुरुजी हयात म्हणून छापले तर लोक हसतील हो.’’
‘‘हसू देत. तू गणितात दोनदा आपटलास तेव्हाही हसले होते.’’
‘‘तेव्हा तुम्ही माझं नाव काढू दिलं नव्हतंत शाळेतून.’’
‘‘मग?’’
बराच वेळ पपनसाची साल सोलत बसला. डॉक्टर असून सोलायला येत नाही धड. शेवटी म्हणाला, ‘‘बरं. चौकट नाही. समितीला मी बघतो.’’
तो गेल्यावर मोरीत उभी राहून रडले. आनंद असा नाही, सुटल्यासारखं वाटलं. आईसाठी आयुष्यात एवढं एक तरी धड केलं. रविवारी नवं प्रूफ येईल ते आधी तिलाच दाखवणार.

रविवार, १७ सप्टेंबर
आईने भिंग लावून पान वाचलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि बाबांच्या नावाभोवती चार रेघा मारल्या. सावकाश, सरळ.
म्हणाली, ‘‘एकोणऐंशी साली पत्र आलं होतं. त्यांच्या तिकडच्या मुलाचं. ते बहात्तरलाच गेले. तू घरी आलीस की चपला काढायच्या आधी दारातली पत्रांची पेटी उघडायचीस. माझ्याने सांगवलं नाही गं.’’
चव्वेचाळीस वर्षं!
त्या मुलाचं नाव विचारलं. आईने लगेच सांगितलं.