शिंगाळ्यावर केशरी रंग

सर, "दोन-तीन केशरी मासे टाक ना, काय बिघडतं?" असं ती म्हणाली, त्या क्षणाला माझं सगळं फिरलं. ती म्हणजे चित्रकलेच्या कॉलेजात माझ्या वर्गातली. मी कॉलेज मधेच सोडलं, तिनं पूर्ण केलं, आता ती भिंती रंगवायची कामं घेते. पैठण रोडवरच्या एका हॉटेलात भिंतभर गोदावरीचं चित्र पाहिजे होतं, नदीतल्या माशांसकट. तिनं बोलावलं आणि मी पळत गेलो. चित्रासाठी नाय, तुमच्यापासून काय लपवायचं.

मी शाळेत असतानाच तुम्ही गेलात, पण तुमच्या चित्रकलेच्या वर्गाची रविवारची पैठणची नदी अजून तशीच दिसते. जाळंवाल्याकडून जिता मासा मागायचा, हात ओला करून धरायचा, परत पाण्यात सोडायचा, आणि मगच कागद उघडायचा. मी मिशावाल्या शिंगाळा माशाला खवलं काढलीत. तुम्ही वाकून बघताय, मिशीतल्या मिशीत हसताय. "अरे, ह्याला स्वेटर कुणी घातला, तुझ्या मावशीनं? हाताला कसा लागला?" "गुळगुळीत, सर." "मग?" पोरं खिदळतायत आणि मी रडकुंडीला येऊन परत पाण्याकडं निघालोय.

हॉटेलच्या भिंतीवर मरळ काढली, वाम काढली, आणि मधोमध हातभर शिंगाळा, गाळात मिशा खुपसलेला. मालक आला. "ये क्या काला-काला? हे बघून गिऱ्हाईक जेवंल का?" त्यानं मोबाईलवर शोभेच्या टाकीतले केशरी मासे दाखवले. वाटलं, ती भांडंल. ती हसली, सर. त्याच्याकडं बघून गोड हसली, आणि मला म्हणाली ते केशरी माशांचं वाक्य.

"हे गोदावरीत नसतात," मी म्हणालो.

"कोण बघायला जातंय? हट्ट नको करू यार."

आणि तिनंच ब्रश उचलून शिंगाळ्याच्या पाठीवर केशरी रंग फिरवला. नदीचा मासा ह्या लोकांना ताटात चालतो, भिंतीवर नाय. मालकाचं सोडा, त्याचा धंदाय. मला तिची किळस आली, जिच्या एका मेसेजसाठी मी रात्र-रात्र फोन उशाशी ठेवायचो तिची.

हे लिहून टाकू कुठं? तुमच्याकडं टपाल जात नाय. म्हणून एक खरं सांगून टाकतो. "रंगव तूच," म्हणून मी तावातावानं निघालो, पण दाराशी चप्पल घालायला लई वेळ लावला. तिनं एक हाक मारली असती, तर केशरीसुद्धा काढले असते. ती मालकाला रंग दाखवत होती. मी बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.