आरोहीची अर्धी वही

ईट, ता. भूम
१७ नोव्हेंबर

प्रिय कमलअक्का,

प्रभूच्या नावात तुला आणि घरच्यांना सलाम. ज्वारी कमरेला आली आहे. तुझ्या भावजयीला, गजराला, आता दोन घास जातात. माझंही बरं चाललं आहे.

आरोहीला मातीत ठेवून आलो, त्या दिवशी मी चारचौघांत तुला म्हणालो, "पोरीच्या डोक्यात भुतं तूच घातलीस." ताप डेंग्यूचा होता, हे मलाही ठाऊक होतं. तू दिलेली पऱ्या-राक्षसांची पुस्तकं वाचून ती स्वतः गोष्ट लिहायला लागली, तेव्हा मी वही ओढून कुलपात टाकली. "देवाच्या घरात असलं चालायचं न्हाय," म्हणालो. पोरगी हसली. "पप्पा, बायबलात गाढव बोललेलं चालतं व्हय?"

गुरुवारी भर दुपारी ती वही पाण्यात सोडायला मी विहिरीवर गेलो. शेवटचं अक्षर बघावं म्हणून कठड्यावर बसून उघडली.

गोष्टीत विहिरीच्या तळाशी एक गाव आहे. तिथं उजाडत नाही, कुणाची सावली पडत नाही. गेलेला परत येत नाही. एका मुलीला शोधत एक वाटसरू आपणहून तिथं उतरतो. गावचा राजा हसतो, "आला, हाही आला!" दार लागतं. दोन दिवस काहीच होत नाही. तिसऱ्या दिवशी आतून दारावर टकटक सुरू होते.

तिथवरच लिहून झालं होतं, तेव्हा मी वही ओढली होती.

मान वर केली. ऊन ढगाआड गेलेलं. माझी सावली कुठंच नव्हती. आणि खालून टकटक आली. हळू, थांबून थांबून. लाईट नव्हती, मोटार बंद होती. वाकून बघितलं, तर पाणी हलतही नव्हतं.

आणि तोंडून आपोआप मतांगीकार, आपली रविवारची विश्वासाची कबुली, निघाला. पोरगी गेल्यापासून मंडळीत तो मी ओठ मिटून ऐकत होतो. "तो अधोलोकात उतरला." चाळीस वर्षं हे म्हटलं, अक्का. मेलेल्यांच्या त्या गावात प्रभू कुणासाठी गेला, हे मात्र चौदा वर्षांच्या लेकीनं सांगितलं.

टकटक कशाची होती, ते मी शोधलं नाही.

एक राहिलं. वही टाकायला चपला काढून ठेवाव्या लागत नाहीत. मी काढल्या होत्या. मला पोहता येत नाही, हे तुला माहीत आहे. गजराला अजून सांगितलेलं नाही.

मला माफ कर आणि ये. गोष्टीत पुढं ते दार उघडतं का, हे ती तुझ्याजवळ बोलली असेल.

वही छातीशी धरून, विहिरीकडं पाठ करून बसलेला
तुझा धाकटा भाऊ,
शमुवेल