कोऱ्या टायरचे केस

प्रिय हेमराजदादा,

हे फोनवर सांगायला गेले असते, तर तू नेहमीसारखं आईच्या गुडघ्यांचं विचारून विषय बदलला असतास. म्हणून कागद घेतला. माझं अक्षर अजून तसंच आहे, कोंबड्यांनी उकरल्यासारखं, तेव्हा हसायचं असेल तर आधीच हसून घे. विषय तुला नको असलेलाच आहे: बाबांची राजदूत मोटारसायकल, आलापल्लीच्या अलीकडचं ते ओलं वळण आणि माझा पाय. पंधरा वर्षं तू हैदराबादेत बसून हा पाय आपल्या माथ्यावर घेऊन राहिला आहेस. घरी येत नाहीस, दुचाकीला हात लावत नाहीस. पाय माझा आहे, मी त्यावर शाळेत चांगली दिवसभर उभी राहते, पोरांच्या मागे धावते सुद्धा, थोडी लंगडत. पण तुझं ओझं काही हलत नाही. आज ते हलवायचं असं मी ठरवलंय.

मागच्या आठवड्यात नागपूरहून श्रीहरी नावाचे एक गृहस्थ आले होते. जुन्या मोटारसायकली घेऊन त्यांना पुन्हा पहिल्यासारखं करायचं त्यांना वेड. बोलावलं मीच होतं. बाबांचे हात आता थरथरतात, तरी रोज सकाळी गोठ्यात जाऊन ते गाडी पुसतात. सागाच्या ठोकळ्यांवर उभी असते ती, चाकं अधांतरी. आईला त्या गाडीचं तोंड बघवत नाही. म्हटलं, जाऊ दे कोणा हौशी माणसाकडे. श्रीहरींनी ना इंजिन पाहिलं, ना टाकी. आधी उकिडवे बसून टायरवर मोबाइलचा उजेड धरला. मग मला बोलावून दाखवलं: टायरवर बारीक रबराचे केस होते, कोऱ्या टायरवर असतात ना, तसे. रस्त्यावर थोडे दिवस चालले की झडतात म्हणे. म्हणजे हे टायर कधी चाललेच नाहीत.

त्यांनी बाजूला कोरलेले चार आकडे वाचून दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. टायर एकवीस सालचे! ज्या गाडीला तुझ्यानंतर कोणी किक मारली नाही, तिला चार वर्षांपूर्वीचे टायर? ते म्हणाले, टायर न चालताही म्हातारा होतो, रबर आतून कडक होत जातं. वरून कोरा दिसला तरी ओल्या रस्त्याला धरत नाही.

ते चहा प्यायला गेले आणि मी अंगणात फिरत राहिले. आपल्या अंगणात कायम दोन-चार जुने टायर पडलेले असतात, एकात कोंबडी अंडी घालते, एकात आईने झेंडू लावलाय. बाबा पंक्चरवाल्याकडून आणत असतील, एवढंच मला वाटायचं. वाकून पाहिलं तर झेंडूच्या टायरवर केस! कोंबडीला उठवलं, तिने हाताला चोच मारली, तिच्या टायरवरही केस. एक जोडी सोळा सालची, एक अकराची. दादा, मी मातीत बसूनच राहिले. माझ्या रोजच्या अंगणात एवढं मोठं काहीतरी पडलेलं होतं आणि मी त्यात शेण-माती टाकत होते. एवढं थक्क मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

मग गोठ्याच्या भिंतीवरचा टायर आठवला, खुंटीला टांगलेला, ज्याला बाबा कोणाला हात लावू देत नाहीत. तुझ्या त्या दिवसाचा मागचा टायर. तुला आठवतं, तू सातवीत असताना बाबांनी तो बल्लारपूरहून जादाचा आणून ठेवला होता? पावसाळ्यात आपले रस्ते बंद, म्हणून घरात सगळ्याचीच बेगमी, तांदळाची, रॉकेलची, तशी टायरचीही. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर. माझ्या नर्सिंगच्या प्रवेशाला जायचं ठरलं तेव्हा बाबांनी तो मोठ्या कौतुकाने खाली काढला, स्वतः बसवला. पोरं लांब चालली, कोऱ्या टायरवर जाऊ दे म्हणून. आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "कोरा टायर लावून देला होता तुले, तरी पोरीले पाडलास!" तू त्यानंतर घरात जेवला नाहीस.

त्या टायरवर तीनच आकडे आहेत, दादा. दोन हजार सालाच्या आधी तीनच असायचे, वर्षाचा एकच. शेवटचा आकडा सात. सत्त्याण्णवचा टायर आपण दोन हजार दहाच्या पावसात पळवला. तू नाही पाडलंस मला. त्या वळणावर कोणीही पडलं असतं.

मी बाबांजवळ गेले. खाटेवर बसून सुतळी वळत होते. सांगायला लागले तर मान वर न करता म्हणाले, "मले मालूम हाय." तू गेलास त्याच्या पुढच्या वर्षी एका टायरवाल्याने त्यांना आकडे वाचायला शिकवले होते. मी ओरडलेच, मग दादाला सांगितलं काऊन नाही? सुतळीला आणखी एक पीळ देऊन म्हणाले, "कोन्त्या तोंडानं सांगू? म्हनून टायर बदलवत राह्यलो. पोरगा आला, अन् गाडी काढतो म्हनला, तर त्याले शिळ्या टायरवर कसा बसू देऊ?" मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्याहून जास्त मी त्यांच्या सुतळी वळणाऱ्या बोटांकडे बघत राहिले. श्रीहरींना मी हात जोडून परत पाठवलं.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल नवी जोडी आली, याच वर्षाची, आकडे मी स्वतः वाचून घेतले. बाबांनी जुने टायर काढले, पण नवे चढवायला हातात जोर राहिला नाही. पाना खाली पडला, तसेच बसून राहिले. शेजारचा बिरजू म्हणाला, मी बसवून देतो. मी नको म्हटलं. चाकं गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवली आहेत, टायर बाजूला, सगळे केस अंगावर घेऊन. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिला ये. बाबा माफी मागतील की नाही ठाऊक नाही, बहुतेक पानाच पुढे करतील. तो घे. टायर तू चढव, आणि मग त्याच वळणापर्यंत जाऊन येऊ. मागे मी बसणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तुझ्या मागच्या सीटवरची, तुझीच,
रंजी