नमुन्याची डाळ

माय, तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुला लिहायला बसलोय. तेही कुठे, तर पारोळ्याच्या अलीकडे, हायवेवरच्या एका चहाच्या टपरीत, भर दुपारी. ट्रक गेला की टेबल हलतं आणि अक्षर वाकडं होतं. नाहीतरी ते वाकडंच आहे. परवा सोमवारी अकरा वाजता मला धुळ्याला सरकारी रेस्ट हाउसवर हजर व्हायचंय. दिल्लीहून एक चौकशी अधिकारी आलाय. त्याच्यापुढे माझ्या सहीचा कागद असणार आणि तो मला एकच गोष्ट विचारणार: फौजेला गेलेल्या डाळीचा नमुना तुझ्यासमोर ट्रकमधून काढला होता का? हो म्हटलं तर सगळे सुटतात, मी, मिलचे शेठ, वरचे साहेब, आणि तीच डाळ जात राहते. नाही म्हटलं तर पहिला मी अडकतो. सकाळी फाट्यावर मिसळ मागवली आणि तशीच ठेवून उठलो. मी, माय. पातेलं चाटून पुसून ठेवणारा.

तुला वाटेल, हा मिलमध्ये कसा परत गेला. मलाही तेच वाटतं. मधल्या वर्षांत बरंच हिंडलो. रावेरकडे केळीच्या ट्रकवर होतो, सुरतेला साड्यांच्या गठ्ठ्यांवर बसून काढलं एक वर्ष, पिंपळनेरच्या बाजारात महिनाभर प्लास्टिकच्या खुर्च्या विकल्या. तिथे एक आदिवासी म्हातारा रोज यायचा, खुर्चीत बसून बघायचा, मान हलवायचा आणि जमिनीवर जाऊन बसायचा. शेवटच्या दिवशी मी त्याला एक फुकट दिली तर म्हणाला, हिच्यात बसलं की माणूस वाट बघायला लागतो. असो, ते राहू दे. सांगायचं हे की पैसे संपले, जळगावला आलो आणि पाय आपोआप तिकडे वळले, तुझ्या डाळ मिलकडे. शेठने ओळखलं. म्हणाले, "अरे, तू तर घरचा. पंधरा वर्षं तुझ्या आईचा हात लागल्याशिवाय आमचा नमुना बाहेर गेला नाही." आणि मला ट्रकबरोबर जायच्या कामाला लावलं. मला बरं वाटलं, खरं सांगतो. तुझ्या नावाने कुणीतरी दार उघडलं होतं.

नमुना. हा शब्द मी तुझ्या तोंडून किती वेळा ऐकला असेल! शाळेतून पळून आलो की तू दारातच म्हणायचीस, "काय नमुना शे हाऊ!" शेजारणी हसायच्या. पण दुसरा नमुनाही आपल्याच घरात असायचा. दिवाळीच्या आसपास मुकादम सायकलवरून दहा किलो डाळ घेऊन यायचे. म्हणायचे, "मिलमध्ये धूळ असते बाई, तू घरी उजेडात बसून निवड." मिलमध्ये निवडायला बसणाऱ्या पस्तीस-चाळीस बायका होत्या, पण फौजेच्या टेंडरचा नमुना फक्त तुझ्याकडे. दारात गोणपाट टाकून, परात मांडीजवळ ओढून तू बसायचीस ते ऊन ओट्यावरून उतरेपर्यंत. फुटका दाणा बाजूला, काळा बाजूला, खडा बाजूला. मला शिकवायचीस बोटांनी. तुरीचा दाणा गोल, चिमटीतून निसटतो. लाखेचा दाणा कोनदार, बोटाला टोचतो. रंग सारखा असला तरी बोटाला फसवता येत नाही. ती लाख डाळ कुणी मुद्दाम खात नाही, फार खाल्ली तर पाय जातात म्हणतात, पण स्वस्त असते म्हणून तुरीत मिसळतात, हेही तूच सांगितलंस. आणि त्याच गोणपाटावर, उलट्या बाजूला छापलेल्या अक्षरांवर बोट ठेवून मला मुळाक्षरं शिकवलीस. शाळेला ते कधी जमलं नाही.

एकदा मी, आठ-नऊ वर्षांचा असेन, गंमत म्हणून आपल्या डब्यातली मूठभर डाळ तुझ्या निवडलेल्या परातीत टाकली. तू अशी थप्पड मारलीस की कानात शिट्टी वाजली. "फौजनी डाय शे ती! तुन्हा बापनी नही!" मग माझ्याकडे न बघता सगळी परात परत पहिल्यापासून निवडायला घेतलीस. त्या वर्षी नमुना पास झाला आणि शेठने तुला कुकर दिला. त्या कुकरला तू फौजेचा कुकर म्हणायचीस. शिट्टी झाली की म्हणायचीस, सलामी दिन्ही. तुझ्या डोळ्यांपुढे कुठेतरी बर्फात बसलेला एक पोरगा होता आणि तो तू निवडलेली डाळ खात होता, घासात एक खडा न लागता. मीही तसंच धरून चाललो होतो. नमुना म्हणजे मालातलाच थोडा माल, असंच ना? शितावरून भाताची परीक्षा. शीत दुसऱ्याच हंडीतलं असेल हे कुणाच्या मनात येतं!

आता माझं काम सांगतो. ट्रक भरला की त्याच्यातल्या पाच-सहा गोण्यांतून नमुना काढायचा, कापडी पिशवीत भरायचा, तोंड शिवून लाखेची मोहोर लावायची आणि एका पावतीवर साक्षीदाराने सही करायची. कागदावर हे असं आहे. खरं असं की पिशव्या ऑफिसच्या कपाटात आधीच मोहोर लावून तयार असतात, आणि पावत्यांचा गठ्ठाही. मी पहिल्याच आठवड्यात वीस-पंचवीस पावत्यांवर सह्या केल्या, तेव्हा आवारात एकही ट्रक नव्हता. समोर कॅलेंडर होतं आणि पंखा होता. मुकादम, तेच, आता म्हातारे झालेत, म्हणाले, "कर रे, रीत असते." महिन्याभराने एक गोण शिवताना फाटली, मी सांडलेली डाळ ओंजळीत घेतली आणि बोटाला टोचलं. मी ओंजळ झटकली, गोण शिवली आणि ट्रकमध्ये चढलो. एरंडोल येईपर्यंत ड्रायव्हरला त्या खुर्चीवाल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगत होतो.

ही टपरी एका निवृत्त हवालदाराची आहे. सगळे त्यांना नाना म्हणतात. धुळ्याकडे ट्रक जाताना आम्ही इथे थांबायचो, तशी ओळख झाली; ट्रकमध्ये काय असतं ते मी कधी सांगितलं नाही. नानांना दोन नाद, चहात आलं जास्त घालायचं आणि सरकारला अर्ज करायचे. पुतण्या फौजेत आहे, त्याने सुट्टीवर आला तेव्हा मेसमधली लाख मिसळलेली मूठभर डाळ दाखवली म्हणे, आणि गोणीवर जळगावचा छाप होता. तेव्हापासून नाना विचारतायत की ही डाळ काय भावाने घेता, आणि तपासणीचे कागद दाखवा. पहिलं उत्तर आलं, संरक्षणाशी संबंधित बाब असल्याने माहिती देता येत नाही. नाना ते गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचे. "चीनला कळायला नको ना, आपला जवान काय भावाची डाय खातो ते! कळलं तर उद्याच हल्ला करील!" टपरी हसायची, मीही हसायचो. पण त्यात काय दडलंय ते मला मिलमध्ये राहून कळलं होतं. तो भाव उघडा झाला असता तर बाजार समितीतला हमालही बोटं मोजून सांगेल की या भावात निव्वळ तुरीची डाळ येतच नाही. उरलेलं काहीतरी मिसळूनच भरून काढावं लागतं, आणि वर कुणाला तरी वाटा द्यावा लागतो, म्हणून तर भाव झाकायचा. देशाच्या नावाचं झाकण इतकं जड की उचलायला कुणी हात लावत नाही. शेठही मला परवा तेच म्हणाले, "भावाबिवाचं बोलायचं नाही तिथे. डिफेन्सचं असतं ते, देशाची गोष्ट असते." जणू तो जवान देशाचा नाहीच.

नानांनी अपील केलं आणि गेल्या महिन्यात त्यांना चार कागद मिळाले. मी चहा पीत होतो तर त्यांनी ते माझ्यासमोरच पसरले. भावाच्या जागी काळी पट्टी. मिलच्या नावावर काळी पट्टी, साहेबांच्या नावांवर काळी पट्टी. आणि शेवटच्या कागदावर, पावतीच्या नकलेवर, साक्षीदाराची सही तशीच उघडी राहिलेली. माझी. तीच, शेवटी शेपूट काढलेली.

"देख भाऊ," नाना म्हणाले, "भाव काया, नाव काया, आन् हाई सही मातर गोरीगोमटी! कोण असेल हा? जवानाच्या ताटात लाख वाढून खाली ऐटीत शेपूट काढतो. काय नमुना शे हाऊ!"

माय, तुझाच शब्द, तसाच्या तसा. मी चहाचा ग्लास उचलला आणि त्या सहीवर ठेवला. नाना म्हणाले, "अरे, कागद भिजी जाई ना!" आणि ग्लास उचलून बाजूला ठेवला, कागद धोतराला पुसला. मला म्हणाले, "तू का घामाघूम? आलं जास्त झालं का?" मी हो म्हटलं. त्यांनी तेच कागद जोडून तक्रार केली आणि त्यातून ही चौकशी आली. आत्ताही ते माझ्यासमोर दूध आटवतायत. मी काय लिहितोय विचारलं तर सांगितलं, आईला पत्र. म्हणाले, "चांगलं करस. आईला सांगावं माणसाने." त्यांना वाटतं तू गावी आहेस.

आणि त्या ग्लासानंतरच मला ते आठवलं, ज्यासाठी हे लिहायला बसलोय. मी दहावी नापास होऊन मिलमध्ये गोणीवर छाप मारायला लागलो होतो ते वर्ष. तू माझी भाकर घेऊन माल भरतात त्या धक्क्यावर आलीस. एरवी बायका तिकडे यायच्या नाहीत. एक गोण उघडी होती. तू सहज हात घातलास, डाळ चोळलीस आणि थांबलीस. विचारलंस, "हाई कोनी डाय?" हमाल म्हणाला, "तुझ्या फौजेची, अक्का! वर लाखेची मोहोर, आत लाखेची डाळ, आणि शेठचे लाख!" सगळे हसले. तू नाही हसलीस. मूठ उघडून त्यातले दाणे बघितलेस, निवडून तीन वेगळे केलेस आणि पदराच्या टोकाला गाठ मारलीस. मी म्हटलं, काय घेतेस? तू म्हणालीस, जेव.

त्या दिवाळीला नमुना नापास झाला. लाखेचा एक दाणाही चालत नाही म्हणतात, आणि तुझ्या परातीतून गेलेल्या पिशवीत तीन निघाले. मुकादम दारात येऊन ओरडले, "पंधरा वर्षं तुझ्या डोळ्यांवर धंदा केला बाई, आणि आज असा घात!" तू खाली मान घालून म्हणालीस, "डोया गयात मन्हा, भाऊ." पुढच्या महिन्यात तुला कामावरून काढलं. ज्या दिवशी काढलं त्याच संध्याकाळी दिवे लागायच्या आत तू माझ्या सदऱ्याचं बटण लावायला बसलीस आणि दोरा सुईत एका झटक्यात ओवलास. मी म्हटलं, डोळे गेले ना तुझे? तू दोरा दाताने तोडलास. "सुईनं भोक मोठं शे."

तीन, माय. गाठीत तीन आणि पिशवीत तीन. मला हे कळायला अकरा वर्षांच्या वर लागली. तू ओरडली नाहीस, अर्ज केला नाहीस, तुझी सही कुठेच नव्हती. तू फक्त नमुना मालासारखा केलास. पुढल्या वर्षी मिलने दुसरी सोय केली आणि सगळं पहिल्यासारखं चालू झालं, हे तुला कळलं होतं का? तू नंतर घरोघरी धुणी धरलीस, तापाने गेलीस, आणि एकदाही हे बोलली नाहीस. मला विचारायचं होतं, भीती वाटली होती का गाठ सोडताना. मला फार वाटते. सकाळपासून तीनदा फोन बघितला, मुकादमांचा एकच मेसेज आहे, "नीट बोलजो बेटा."

नीट म्हणजे काय तेही शेठने पढवलंय. सांगायचं, हो साहेब, समोरच काढला; आणि खोदून विचारलं तर, मी अडाणी माणूस, दहावी नापास, दाखवलं तिथे सही केली, वाचलंबिचलं काही नाही. असं म्हटलं तर मलाही सोडतील म्हणे. दोन दिवस मी तेच घोकतोय. पळून जायचाही विचार केला, सुरतेला. नानांना गाडीची वेळ विचारली तर म्हणाले, "दर तासाला शे. पण ती धुळ्यावरूनच जाते हां." म्हणजे सोमवारी मी गाडीत असणारच, धुळ्याला उतरायचं की बसून राहायचं एवढंच ठरवायचंय.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि नानांना तुझा पत्ता काय सांगू. वही पिशवीत ठेवतो. पण एक तुला सांगून ठेवतो, साहेबाला सांगायचं धाडस होवो न होवो. मी ती पावती वाचली होती. 'वाहनातून माझ्यासमक्ष नमुना काढला' असं होतं तिच्यावर. शेवटची सही करेपर्यंत प्रत्येक पावतीवर तेच होतं. आणि पहिल्या पावतीवर तो समक्ष शब्द मी दोनदा वाचला, कारण त्यातलं क्ष मला तू शिकवलं नव्हतंस, गोणपाटावर ते कधी आलंच नाही. ते मी माझं मी शिकलो होतो.