दोरीच्या आतला एक मित्र

ती. व्हर्नेलताई यांना,

फिलाडेल्फियाहून थॅडियसचा नमस्कार पोचावा. तुमचे गुडघे, चर्चमधलं गाणं आणि तुमच्या मेकन गावचा उकाडा, सगळं सोसवेल इतपत असेल अशी आशा करतो. माझं म्हणाल तर एकाहत्तराव्या वर्षी जे जे दुखायचं ते सगळं वेळच्या वेळी दुखतं.

तुमच्या भावाच्या नावाचं दालन संग्रहालयात उघडलं, त्याची हकिगत कळवायला बसलो आहे. (तुम्हाला पहिल्या रांगेचं निमंत्रण होतं, गुडघ्यांमुळे जमलं नाही असं कळलं. माझंही चांगल्या जाड कागदावर आलं होतं. त्यावर 'परिसरातील रहिवासी' असं होतं.) तपकिरी सूट चढवून गेलो. आत भिंतभर लेमुएलचा फोटो, माझ्या खांद्यावर हात टाकलेला. खाली लिहिलंय, 'कवी लेमुएल बँक्स आणि एक मित्र'. चौदा वर्षं एका घरात राहून, शेवटचे आठ महिने त्याची अंथरुणं धुऊन मी 'एक' या पदाला पोचलो. तक्रार नाही. तुम्ही छापलेल्या मृत्युलेखात एड्सचा कॅन्सर झाला होता आणि मागे राहिलेल्यांत मांजराचं नाव होतं, माझं नव्हतं. त्या मानाने ही बढतीच.

पुढे आमचं स्वयंपाकघर मांडलं होतं. टेबल, दोन खुर्च्या आणि ते मोठं पातेलं. ज्या आजारी पोरांच्या दाराशी त्यांचे आईबापही फिरकत नसत, त्यांच्यासाठी आम्ही त्यात सूप करायचो. एक चष्मेवाला अभ्यासक लोकांना सांगत होता की या पातेल्यात बँक्स यांनी कविता आणि चळवळ एकत्र शिजवली. ताई, तुमच्या भावाला अंडं उकडता येत नव्हतं. तो टेबलाशी बसून सुपाच्या डब्यांवर त्या पोरांची नावं लिहायचा, आणि एखादं नाव खोडावं लागलं की त्या दिवशी जेवायचा नाही. हे मी त्या अभ्यासकाला सांगितलं. त्याने फार आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, नुसत्या आठवणींवर विसंबून चालत नाही.

पाय भरून आले म्हणून मी त्या मांडणीभोवतीची दोरी ओलांडून खुर्चीवर टेकलो. लगेच पहारेकरी आला. आपल्यातलाच, काळा, पंचविशीचा.

"आजोबा, उठा. ही लेमुएल बँक्स यांची खुर्ची आहे."

"माझ्या आईची आहे, बाळा. तो पलीकडच्या खुर्चीत बसायचा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "तो 'एक मित्र' म्हणजे तुम्ही?"

मी मान हलवली. त्याने मला आत ठेवूनच दोरी पुन्हा लावली आणि पाणी आणून दिलं. मग चाळीस मिनिटं मी वारसा म्हणून बसलो. एका बाईंनी माझा फोटो काढला आणि मी हललो तेव्हा दचकल्या. समोरच्या पडद्यावर तुम्ही होतात. "आमच्या घरात लेमला कधी कुणी अंतर दिलं नाही," असं दर सहा मिनिटांनी म्हणत होतात. पाचव्यांदा ऐकताना मला वाटलं, असेलही. त्या शेवटच्या महिन्यात मीच रोज चुकून दुसऱ्या कुणाच्या घरी फोन लावत असेन.

गुडघ्यांना शेक देत जा.

आपला,
थॅडियस

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. इथल्या एड्सच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर तरुण पोरं दर वर्षी लेमची कविता वाचतात, डब्यांवरून खोडलेल्या अकरा नावांची. त्याच्या लिखाणाचे हक्क तुमच्याकडे, आणि तुमची परवानगी येते ती शेवटच्या दोन ओळी गाळायच्या अटीवर. त्या ओळींत मी आहे. यंदा कविता पुरी वाचू द्या. सोबतच्या कागदावर फक्त सही हवी.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं आणि शनिवारी कविता वाचून झाली. मीच वाचली, पुरी. शेवटच्या ओळीला माझा आवाज गेला, तेव्हा ती पोरांनी म्हटली. त्यांना ती पाठ होती, कशी ते विचारू नका. तेव्हा सहीखाली तारीख तेवढी आदल्या शुक्रवारची घाला.